प्रयोगशाळेतल्या एका टेबलासाठी: कमला सोहोनी कशा घडल्या

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींचं नाव निघालं की दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला होता, आणि पुढे त्यांनी केंब्रिजची पीएचडी मिळवली. दोन्ही खऱ्या आहेत. पण या दोहोंच्या मधली सहा वर्षं, १९३३ ते १९३९, त्या नेमकं काय शिकत होत्या हे क्वचितच कुणी सांगतं. डाळीतला नायट्रोजन, बटाट्यातलं सायटोक्रोम असे शब्द आले की लिहिणारा घाईनं पुढे सरकतो. बाईंच्या जिद्दीचं कौतुक करायचं आणि त्यांच्या विज्ञानाला बगल द्यायची, हा मला त्यांच्यावर झालेला दुसरा अन्याय वाटतो. त्यांचं विज्ञान अवघड नाही. नीट सांगितलं तर कुणालाही कळेल असं आहे.

त्यांचा जन्म १९११ चा, इंदूरचा. माहेरचं आडनाव भागवत. लोकसाहित्याच्या अभ्यासक आणि लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघंही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघंही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, शिकलेले. त्यामुळे मुलीनं रसायनशास्त्र घ्यावं यात त्या घराला वावगं वाटण्यासारखं काही नव्हतं. १९३३ मध्ये कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. झाल्या. रसायनशास्त्र मुख्य विषय, पदार्थविज्ञान दुय्यम, आणि गुणवत्ता यादीत नाव वर. पुढे कुठे जायचं हे वेगळं ठरवायची गरजच नव्हती. वडील आणि काका जिथे शिकले तिथेच अर्ज गेला.

संस्थेचे संचालक होते रामन. नोबेल मिळून तीन वर्षं झाली होती आणि संचालकपदावर ते त्याच वर्षी आले होते. अर्ज फेटाळला गेला. गुणांचा प्रश्नच नव्हता, अर्जदार बाई आहे एवढंच कारण होतं.

या नकाराचं वजन समजायचं तर प्रयोगविज्ञान कसं शिकतात ते पाहावं लागतं. दुर्गाबाईंचा मुंबईच्या एशियाटिक ग्रंथालयाशी आयुष्यभराचा संबंध होता. पुस्तकं हाताशी असली, माणसांत हिंडायची तयारी असली, तर त्यांच्या विषयात कुठल्याही संस्थेच्या परवानगीशिवाय पुष्कळ काही करता येत होतं. त्यात कष्ट कमी होते असं नाही. पण दार एकच नव्हतं. जीवरसायनशास्त्रात मात्र दार एकच असतं. तिथे मिलिग्रॅमपर्यंत वजन करणारा तराजू लागतो, गॅस लागतो, तीव्र आम्लं आणि त्यांची वाफ बाहेर टाकणारी सोय लागते, ऊर्ध्वपातनाची काचेची उपकरणं लागतात, आणि शेजारी असा कुणीतरी लागतो जो म्हणेल, हे चुकलं, पुन्हा कर. ह्यातलं काहीही घरी होत नाही. प्रयोगशाळेतलं टेबल नाकारलं म्हणजे तो विषयच नाकारल्यासारखं असतं. आणि १९३३ च्या हिंदुस्थानात संशोधनाच्या अशा जागा बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

देशात सविनय कायदेभंगाचे दिवस होते, आणि कमलाबाईंनी त्याच वळणाचा मार्ग धरला. त्या बंगळूरला गेल्या, रामन यांच्यापुढे उभ्या राहिल्या आणि मागे हटायला तयार झाल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला, पण तीन अटींवर. पहिलं वर्ष त्या नियमित विद्यार्थिनी नसतील, कामाचा दर्जा पटला तरच ते वर्ष धरलं जाईल. मार्गदर्शक सांगतील त्याप्रमाणे रात्री उशिरापर्यंतही काम करावं लागेल. आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये.

तिसरी अट मला सगळ्यांत बोचते. पहिल्या दोन निदान कामाविषयी तरी आहेत, कडक असल्या तरी. तिसऱ्या अटीत मुलांचं लक्ष उडालं तर त्याचा दोष आधीच मुलीच्या खात्यावर टाकून ठेवला आहे. कमलाबाईंनी तिन्ही मान्य केल्या, कारण टेबल हवं होतं. पण तो अपमान त्या विसरल्या नाहीत. रामन मोठे शास्त्रज्ञ होते, पण स्त्रियांच्या बाबतीत त्यांचं मन मोठं नव्हतं, हे त्यांनी उतारवयात जाहीरपणे सांगितलं. वर्षभरानं रामन यांनी त्यांना नियमित संशोधनाला परवानगी दिली आणि त्यानंतर संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. १९४० मध्ये ॲना मणी, पुढे हवामानशास्त्रज्ञ म्हणून गाजलेल्या, खुद्द रामन यांच्याच प्रयोगशाळेत दाखल झाल्या. त्यांनी भरपूर संशोधन केलं, पण एम.एस्सी. नाही म्हणून मद्रास विद्यापीठानं त्यांना डॉक्टरेट दिली नाही. एक दार उघडलं म्हणून पुढची सगळी उघडी असतात असं नाही.

कमलाबाईंचे मार्गदर्शक होते श्रीनिवासय्या. कडक शिस्तीचे, पण शिकणाऱ्याला हात आखडता न घेता शिकवणारे. इथे एक तांत्रिक गोष्ट सांगायला हवी. ही संस्था तेव्हा विद्यापीठ नव्हती. विद्यार्थी तिथे संशोधन करायचे आणि प्रबंध आपापल्या विद्यापीठाला सादर करायचे. म्हणून काम बंगळूरचं असूनही कमलाबाईंची १९३६ ची एम.एस्सी. मुंबई विद्यापीठाची आहे.

विषय होता दूध आणि कडधान्यं यांतली प्रथिनं. वरवर साधा वाटतो, पण आत एक पेच आहे.

डाळीत प्रथिनं किती, हे मोजायचं कसं? प्रथिनं शेकडो प्रकारची असतात, त्यांना वेचून एकेक करून तोलता येत नाही. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी एक आडवाट काढली. पिष्ट आणि तेल यांत नायट्रोजन नसतो, प्रथिनांत असतो, आणि तो सरासरी १६ टक्के असतो. मग नायट्रोजन मोजा आणि त्याला ६.२५ नं गुणा, झाला प्रथिनांचा अंदाज. यासाठीची पद्धत योहान केल्डाल या डॅनिश रसायनशास्त्रज्ञानं १८८३ मध्ये दिली. डाळीचं पीठ तीव्र सल्फ्युरिक आम्लात तासन्‌तास उकळायचं. सगळे सेंद्रिय पदार्थ मोडतात आणि त्यांतला नायट्रोजन अमोनियम क्षाराच्या रूपात द्रावणात उरतो. मग त्यात अल्कली घालून अमोनिया उडवायचा, तो दुसऱ्या भांड्यातल्या आम्लात पकडायचा आणि शेवटी किती आम्ल वापरलं गेलं ते ब्युरेटनं थेंब थेंब मोजायचं. एका नमुन्याला बराच वेळ जातो, आणि एकाच नमुन्यावर कुणी विसंबत नाही. रात्री उशिरापर्यंत काम करण्याची अट असल्या कामात प्रत्यक्ष काय असते, हे यावरून ध्यानात येईल.

आता पेच असा की, ही पद्धत फक्त नायट्रोजन पाहते. तो प्रथिनातला आहे की आणखी कशातला, हे तिला कळत नाही. कडधान्यांत सुटी अमिनो आम्लं आणि इतर लहान रेणूही असतात. त्यांतही नायट्रोजन असतो, पण ती प्रथिनं नव्हेत. त्यांचा नायट्रोजन वेगळा काढला नाही तर डाळीतल्या प्रथिनांचा आकडा फुगतो. कमला भागवत आणि श्रीनिवासय्या यांचा १९३५ चा ‘बायोकेमिकल जर्नल’मधला निबंध नेमका याच विषयावर आहे: कडधान्यांमधला प्रथिनेतर नायट्रोजन. आधी प्रथिनं साक्यासारखी खाली बसवायची, गाळून घ्यायची, आणि वर राहिलेल्या निवळीत नायट्रोजन किती ते पाहायचं, अशी या कामाची सर्वसाधारण रीत असते.

ज्या देशात कोट्यवधी लोकांची प्रथिनांची गरज मुख्यतः डाळीवर भागते, तिथे हा आकडा खरा असणं किती मोलाचं आहे! आणि हा पेच जुना झालेला नाही. २००८ मध्ये चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळल्याचं उघड झालं आणि अनेक लहान मुलांना मूत्रपिंडाचे विकार झाले. मेलामाइन हे प्रथिन नाही, पण त्यात नायट्रोजन ठासून भरलेला असतो. नुसता नायट्रोजन मोजणाऱ्या चाचणीला ते दूध उत्तम वाटत होतं. पंचविशीच्या आतली एक मुलगी बंगळूरला बसून जो फरक मोजायला शिकत होती, तो किती खोलवरचा होता ते अशा वेळी कळतं.

१९३७ च्या अखेरीस कमलाबाई केंब्रिजला पोचल्या. न्यूनम कॉलेजात नाव दाखल झालं आणि सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या जीवरसायनशास्त्राच्या विभागात काम करायचं ठरलं. जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी १९२९ चं नोबेल ज्यांना विभागून मिळालं, ते हे हॉपकिन्स. त्यांची आणखी एक ख्याती होती. स्त्रियांना जागा देणारी इतकी मोठी प्रयोगशाळा तेव्हा दुर्मीळ होती. पुढे १९४५ मध्ये रॉयल सोसायटीच्या पहिल्या दोन स्त्री सदस्यांपैकी एक ठरलेल्या मार्जरी स्टीफन्सन त्यांच्याच विभागातल्या.

पण इथेही प्रश्न टेबलाचाच आला. प्रयोगशाळा भरलेली होती. तेव्हा डेरेक रिक्टर या संशोधकानं आपलं टेबल दिवसा त्यांना देऊ केलं आणि स्वतःचं काम रात्रीवर नेलं. या कथेतला हा माणूस मला फार महत्त्वाचा वाटतो. बंगळूरला ‘रात्री काम कराल का’ असं दटावून विचारलं गेलं होतं, आणि इथे एका परक्या माणसानं रात्र स्वतःकडे घेऊन दिवस मोकळा करून दिला. १९३८ मध्ये भागवत आणि रिक्टर या दोघांच्या नावानं प्राण्यांमधली फिनोलेज विकरं आणि ॲड्रेनलिन यांवर निबंधही प्रसिद्ध झाला. विकर म्हणजे पेशीतली एखादी रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन, ज्याला आपण एंझाइम म्हणतो. फिनोलेज म्हणजे काय, हे कळायला बटाटा चिरून ठेवावा. थोड्या वेळात तो काळा पडतो, म्हणून आपण फोडी पाण्यात टाकतो. ते काळं पडणं वनस्पतींतल्या याच जातीच्या विकराचं काम. बटाट्यातले काही पदार्थ हवेतल्या ऑक्सिजनशी जोडून ते काळा रंग तयार करतं.

पुढे कमलाबाई केंब्रिजमधलेच वनस्पतींचे जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींकडे वळल्या. इथून पीएचडीचा विषय सुरू होतो.

आपण श्वास घेतो तो ऑक्सिजन जातो कुठे? प्रत्येक पेशीत. तिथे अन्नातून आलेले इलेक्ट्रॉन शेवटी ऑक्सिजनला दिले जातात आणि पाणी तयार होतं. या देवघेवीत जी ऊर्जा सुटते तिच्यावर पेशी जगते. पण इलेक्ट्रॉन थेट ऑक्सिजनकडे गेले तर सगळी ऊर्जा एकदम सुटेल आणि उष्णता होऊन वाया जाईल. म्हणून पेशीत मध्यस्थांची रांग असते. स्लॅब टाकायच्या दिवशी काँक्रीटचं घमेलं खालून वरपर्यंत हातोहात जातं, तसे इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे जातात, आणि प्रत्येक टप्प्यावर थोडी थोडी ऊर्जा सुटते. या रांगेतला शेवटून दुसरा हात म्हणजे सायटोक्रोम सी आणि अगदी शेवटचा म्हणजे सायटोक्रोम ऑक्सिडेज. सायटोक्रोम सी हे लालसर रंगाचं, आकारानं लहान प्रथिन आहे. त्याच्या मध्याशी लोहाचा एक अणू असतो. तो इलेक्ट्रॉन घेतो आणि पुढे देतो, पुन्हा घेतो आणि पुन्हा देतो. सायनाइड इतकं जहाल का, याचं उत्तरही इथेच आहे. ते शेवटच्या हाताला जखडून टाकतं. भरपूर ऑक्सिजन असूनही पेशी गुदमरते.

डेव्हिड कायलिन यांनी केंब्रिजमध्येच १९२५ मध्ये सायटोक्रोमला ते नाव दिलं. कीटकांचे पंख हलवणारे स्नायू आणि यीस्ट त्यांनी वर्णपटदर्शकातून, म्हणजे उजेडातले रंग वेगळे करून दाखवणाऱ्या उपकरणातून, पाहिले, तेव्हा उजेडाच्या पट्ट्यात ठरावीक जागी काळ्या रेघा दिसल्या. पेशीला ऑक्सिजन मिळाला की रेघा पुसट होत, तोडला की ठळक होत. वनस्पतींतही अशा खुणा त्यांना दिसल्या होत्या, पण तिथे काम कठीण होतं. हिरव्या पानातलं हरितद्रव्य स्वतःच इतका उजेड शोषतं की बाकीच्या रेघा त्यात बुडतात. शिवाय एक शंका उभी होती. झाडांत ते काळं पाडणारं फिनोलेज भरपूर असतं आणि तेही ऑक्सिजन वापरतं. मग वनस्पतींचा श्वास सायटोक्रोमच्या वाटेनं चालतो की फिनोलेजच्या?

बटाटा इथे उपयोगी पडतो, कारण तो जिवंत असतो, श्वास घेतो आणि हिरवा नसतो. बटाट्यापासून सुरुवात करून वनस्पतींच्या इतर ऊतींमध्ये सायटोक्रोम सी आणि सायटोक्रोम ऑक्सिडेज आहेत, हे कमलाबाईंनी दाखवलं. १९३९ मध्ये हिल आणि भागवत यांचं सपुष्प वनस्पतींतल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजवरचं टिपण ‘नेचर’मध्ये आलं. ‘कमलाबाईंनी सायटोक्रोम सी शोधलं’ असं वाक्य पुष्कळदा वाचायला मिळतं. ते तसं नाही. रेणू आधीच माहीत होता. वनस्पतींमध्येही श्वसनाची तीच यंत्रणा आहे याचा भक्कम पुरावा त्यांनी दिला, आणि मला हे काम कमी मोलाचं वाटत नाही. माशीचा पंख, यीस्टची पेशी आणि शेतातला बटाटा एकाच रीतीनं जगतात, ही केवढी मोठी गोष्ट आहे!

सगळं काम मिळून सुमारे चौदा महिने. प्रबंध अवघा ४० पानांचा. एवढ्या थोडक्या प्रबंधावर १९३९ मध्ये त्यांना केंब्रिजची पीएचडी मिळाली. तेव्हाच्या केंब्रिजविषयी एक गोष्ट मात्र विसरू नये. १९२१ पासून तिथे स्त्रियांना पदवीचा फक्त किताब मिळे, पुरुषांसारखं विद्यापीठाचं पूर्ण सदस्यत्व नाही. ते १९४८ मध्ये मिळालं. म्हणजे बंगळूरमध्ये अंधार आणि केंब्रिजमध्ये लखलखाट, असं सोपं चित्र काढायला जागा नाही. हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत एक वागणूक आणि विद्यापीठाच्या नियमपुस्तकात दुसरी, अशी स्थिती होती.

‘विज्ञानात डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय स्त्री’ हे बिरुद कमलाबाईंना सर्रास लावलं जातं. पण ते बरोबर नाही. जानकी अम्माळ यांना अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठानं वनस्पतिशास्त्रातली डॉक्टरेट १९३१ मध्येच दिली होती. कमलाबाईंचं मोठेपण पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर अवलंबून नाही, मग जानकी अम्माळ यांचं श्रेय कशाला काढून घ्यायचं?

महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ मध्येच, त्या भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेजात जीवरसायन विभाग, मग कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा, आणि १९४७ मध्ये माधव सोहोनींशी लग्न झाल्यावर मुंबईची रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. तिथे आता इतरांना टेबल देणाऱ्या त्या होत्या. नीरेच्या पोषणमूल्यावरचं त्यांचं काम बऱ्याच जणांना ठाऊक असतं, पण बंगळूरला धरलेलं कडधान्यांचं सूत्रही त्यांनी सोडलं नव्हतं. आपल्या पोटात प्रथिनं पचवणारं ट्रिप्सिन नावाचं विकर असतं. काही कडधान्यांत त्या ट्रिप्सिनलाच अडवणारं एक प्रथिन असतं. १९५५ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेनं आपले वाल आणि डबल बी यांतलं असं प्रथिन स्फटिकरूपात वेगळं काढल्याचं ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलं. या जातीची बहुतेक प्रथिनं उष्णतेनं निकामी होतात, आणि वाल कच्चे न खाता नीट शिजवून खावे लागतात यामागचं हे एक कारण.